मातेरा : राष्ट्रीय लाज ते जागतिक वारसा

१/ दक्षिण इटलीतील बाझिलिकाता प्रांतात, ग्राविना नावाच्या खोल घळीच्या काठावर मातेरा हे शहर वसले आहे. त्याच्या जुन्या, खडकात कोरलेल्या भागाला ‘सास्सी’ म्हणतात. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘दगड’. १९५२ साली येथील माणसांना बाहेर काढण्यासाठी इटलीच्या संसदेने कायदा केला. १९९३ साली याच वस्तीला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. मधल्या ४१ वर्षांत दगड तोच राहिला. मग बदलले काय? #थ्रेड

२/ प्रथम भूगोल. या पठाराला ‘मुर्जा’ म्हणतात. तळाशी कठीण चुनखडी आणि तिच्यावर मऊ, पिवळसर दगडाचा थर अशी त्याची रचना आहे. हा वरचा थर प्राचीन समुद्राच्या तळाशी शंखशिंपल्यांचा चुरा साचून तयार झाला. स्थानिक लोक त्याला ‘तूफो’ म्हणतात. मात्र नावावरून वाटते तसा तो ज्वालामुखीतून आलेला नाही. साध्या हत्यारांनी तो कोरता येतो. मातेराचा सारा इतिहास या एका गुणधर्मावर उभा आहे.

३/ येथील मानवी वावर पुराश्मयुगापर्यंत मागे जातो. घळीपलीकडच्या मुर्जा तिमोने या माथ्यावर नवाश्मयुगीन वसाहतींचे अवशेष आहेत. वस्तीभोवती खडकात खोदलेले खंदक आजही तेथे ओळखू येतात. दोमेनिको रिदोला या व्यवसायाने वैद्य असलेल्या संशोधकाने या स्थळांचे उत्खनन केले. त्याच्या संग्रहातून १९११ साली उभे राहिलेले संग्रहालय आजही मातेरात पाहता येते.

४/ मध्ययुगात याच खडकात ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे कोरली गेली. शहर आणि घळीचा परिसर मिळून त्यांची संख्या दीडशेच्या वर जाते. काहींत लॅटिन परंपरा दिसते, तर काहींत बायझंटाईन. खांब, कमानी, वेदी असे सारे मूळ खडकातूनच काढलेले आहे. शहराबाहेरील ‘आदिम पापाची गुहा’ या नावाच्या मंदिरातील भित्तिचित्रे आठव्या-नवव्या शतकांतील मानली जातात.

५/ शहराच्या मध्यभागी ‘चिविता’ ही टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर तेराव्या शतकातील कॅथीड्रल. टेकडीच्या एका बाजूस सास्सो कावेओसो आणि दुसऱ्या बाजूस सास्सो बारिसानो, अशा दोन वस्त्या उतारावर पसरल्या आहेत. गुहेतून निघालेला दगड वाया जात नसे. त्याचेच चिरे घडवून गुहेच्या तोंडाशी पुढची खोली बांधली जाई. खालच्या घराचे छप्पर म्हणजे वरच्या घरापुढची वाट, अशी ही रचना आहे.

६/ या वस्तीचे खरे कौशल्य पाण्यात होते. येथे पाऊस कमी, आणि नदी घळीच्या तळाशी. म्हणून छपरांवर आणि उतारांवर पडणारे पावसाचे पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरवले जाई. घराघराखाली अशी टाकी होती. पुढे मुख्य चौकाखाली ‘पालोम्बारो लुंगो’ हे प्रचंड सार्वजनिक टाके तयार झाले. त्यात सुमारे ५० लाख लिटर पाणी मावत असे. विसाव्या शतकात नळयोजना आल्यावर ते विस्मरणात गेले आणि १९९१ मध्ये पुन्हा उजेडात आले.

७/ काही घरे मिळून एक सामाईक अंगण असे. त्याला ‘विचिनातो’, म्हणजे शेजार, म्हणत. पाणी भरणे, धुणे, मुलांवर लक्ष ठेवणे ही कामे या अंगणात मिळून होत. पावही सार्वजनिक भट्टीत भाजला जाई. आपला पाव ओळखू यावा म्हणून प्रत्येक कुटुंब कच्च्या गोळ्यावर आपल्या आद्याक्षरांचा लाकडी शिक्का उमटवीत असे. हे कोरीव शिक्के आज संग्रहालयांत आणि स्मरणवस्तूंच्या दुकानांत दिसतात.

८/ मग ऱ्हास कशामुळे झाला? १६६३ पासून मातेरा हे बाझिलिकाताचे प्रशासकीय केंद्र होते. १८०६ मध्ये जोसेफ बोनापार्टच्या राजवटीत हा मान पोतेंझाकडे गेला. मेंढपाळीची जुनी अर्थव्यवस्था खालावत होती आणि लोकसंख्या वाढत होती. सधन कुटुंबे वरच्या सपाटीवर राहायला गेली. गरिबांच्या वाट्याला उरलेली जागा आली. गोठे, कोठारे, कोरडी टाकी, इतकेच काय, जुनी प्रार्थनामंदिरेही राहती घरे झाली.

९/ एकाच खोलीत आईवडील, अनेक मुले, कोंबड्या, डुक्कर आणि खेचर राहू लागले. खेचर बाहेर ठेवणे परवडत नसे, कारण शेतमजुराची सारी उपजीविका त्याच्यावर चाले. मागच्या भागात हवा नाही, उजेड नाही, भिंतींना ओल. १९३० च्या दशकात सांडपाणी वाहून नेणारे दोन मोठे नैसर्गिक नाले बुजवून त्यांवरून रस्ते काढण्यात आले. पाण्याच्या जुन्या व्यवस्थेला त्यामुळे आणखी धक्का बसला.

१०/ याच दशकात कार्लो लेवी या तूरिनच्या चित्रकाराला फॅसिस्ट राजवटीने या प्रांतात हद्दपार केले. त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतलेले होते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्त एबोलीलाच थांबला’ या त्याच्या पुस्तकात मातेराचे वर्णन त्याच्या डॉक्टर बहिणीच्या तोंडून येते. हिवतापाने पोखरलेली, डोळ्यांना खुपऱ्या झालेली मुले तिला दिसली. ती मुले तिच्यामागे धावत होती, आणि पैसे नव्हे, क्विनीन मागत होती.

११/ या पुस्तकाने इटलीला अस्वस्थ केले. ‘राष्ट्रीय लाज’ हे शब्द मातेराला कायमचे चिकटले. १९५० मध्ये पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी यांनी सास्सीला भेट दिली. १७ मे १९५२ रोजी सास्सीच्या सुधारणेचा विशेष कायदा झाला. पुढील वर्षांत सुमारे १५,००० माणसे, म्हणजे शहराची जवळपास निम्मी लोकसंख्या, नव्या वसाहतींत हलविण्यात आली.

१२/ हे पुनर्वसन अविचारी होते, असे म्हणता येत नाही. समाजशास्त्रज्ञ आणि वास्तुविशारद यांनी सास्सीतील जीवनाचा आधी अभ्यास केला. लुदोविको क्वारोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेल्या ‘ला मार्तेल्ला’ या नव्या गावात घराशेजारी पण घरापासून वेगळा गोठा ठेवण्यात आला. जुन्या शेजाराचा जिव्हाळा नव्या रस्त्यांच्या रचनेत टिकावा, असाही प्रयत्न झाला. तरीही अंगण आखता येते. त्यातील नाती आखता येत नाहीत.

१३/ स्थलांतराचे दोन्ही अर्थ खरे आहेत. अनेक कुटुंबांना नळ, शौचालय आणि उजेडाची खिडकी प्रथमच मिळाली. मुलांचे जगणे-वाचणे ज्यांनी दैवावर सोडले होते, त्यांच्यासाठी ही सुटकाच होती. मात्र त्याच वेळी पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार मोडला. कोणी परत येऊ नये म्हणून कित्येक गुहांची दारे चिणून टाकण्यात आली आणि सास्सी ओस पडली.

१४/ या ओसाडीकडे वेगळ्या नजरेने पाहणारे आरंभीचे लोक स्थानिक तरुण होते. १९५९ साली त्यांनी ‘ला स्कालेत्ता’ हे मंडळ स्थापन केले. सुट्टीच्या दिवशी घळीत उतरून ते झुडपांनी झाकलेली मंदिरे शोधत आणि त्यांची नोंद करीत. ‘आदिम पापाची गुहा’ १९६३ मध्ये त्यांनीच उजेडात आणली. तोवर धनगर तिचा निवाऱ्यासाठी वापर करीत. १९६६ मध्ये या मंदिरांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. संवर्धनाच्या पुढील वाटचालीचा पाया या नोंदींनी घातला.

१५/ १९६४ मध्ये पासोलिनीने आपल्या ख्रिस्तचरित्रपटासाठी ओस पडलेल्या सास्सीतच जेरुसलेम उभे केले. १९८६ च्या कायद्याने सास्सीच्या जतनासाठी आणि पुनर्वापरासाठी निधी दिला. पिएत्रो लाउरेआनो यांनी जलव्यवस्थेचा अभ्यास मांडून दाखवले की मातेरा ही केवळ दारिद्र्याची खूण नसून पाणी जपणाऱ्या समाजाची निर्मिती आहे. १९९३ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली.

१६/ आता त्याच गुहांत हॉटेले आणि उपाहारगृहे आहेत. ज्या खोलीत एकेकाळी खेचर बांधले जाई, तेथे पर्यटक पैसे मोजून रात्र काढतात. त्यामुळे इमारती वाचल्या, रोजगार आला, हे नाकारता येत नाही. पण वस्ती पुन्हा भरली ती मुख्यतः पाहुण्यांनी. जे बाहेर गेले, त्यांच्यापैकी फारच थोड्यांची कुटुंबे येथे परतली.

१७/ मातेरा पाहायचेच तर क्रम असा ठेवावा. आधी घळीपलीकडच्या मुर्जा तिमोनेवरून संपूर्ण शहर पाहावे. खडक कोठे संपतो आणि घर कोठे सुरू होते, हे तेथून सांगता येत नाही. वसंतात आकाशात घिरट्या घालणारे लहान ससाणे दिसतील. ते जुन्या शहराच्या छपरांत घरटी करतात. मग पालोम्बारो लुंगोत उतरावे. शेवटी वीको सोलितारियो या गल्लीतील जतन केलेले गुहाघर पाहावे : उंच पलंग, एकच टेबल, मागे खेचराची जागा.

१८/ त्या घरात उभे राहिल्यावर १९५२ आणि १९९३ हे दोन्ही निर्णय एकाच वेळी समजतात. दोष गुहेचा नव्हता. पाण्याची व्यवस्था मोडली, गर्दी वाढली आणि गरिबांना दुसरी जागाच उरली नाही, म्हणून ती गुहा असह्य झाली. ‘लाज’ म्हणणाऱ्यांनी तेथील माणसे पाहिली, ‘वारसा’ म्हणणाऱ्यांनी वास्तू पाहिली. मातेराच्या इतिहासात या दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात.