भविष्यवादी की संदेष्टा?

पोपटाकडून चिठ्ठी काढवून भविष्य सांगणारा माणूस आपण कोंढ्याकडील बाजारांत पाहिलेला आहे. जुन्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयात 'भविष्यवादी' हा शब्द आम्ही प्रथम वाचला, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे तोच माणूस उभा राहिला. आजच्या मराठी बायबलात त्या जागी 'संदेष्टा' असे आढळते. हा फरक केवळ भाषेच्या सफाईचा आहे काय?

मूळ ग्रीक शब्द 'प्रोफेतेस'. 'फेमी' म्हणजे बोलणे, आणि 'प्रो' म्हणजे पुढे, समोर, कोणाच्या तरी वतीने. डेल्फीच्या देवळात अपोलोचा संचार होई तो पिथिया नावाच्या स्त्रीच्या अंगी. तिथला प्रोफेतेस म्हणजे देवाचे म्हणणे लोकांपुढे मांडणारा. पुढे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात यहुदी धर्मग्रंथ ग्रीकमध्ये उतरू लागले, तेव्हा हिब्रू 'नाबी'साठी हाच शब्द योजला गेला. नाबी म्हणजे काय, हे निर्गमाच्या पुस्तकात स्पष्टच आहे. मोशेला बोलणे जमत नाही, म्हणून त्याचा भाऊ अहरोन त्याचे तोंड होतो. तोच त्याचा नाबी. येथे ग्रहताऱ्यांचा संबंध कोठे आला?

तोंड होणे सोपे नाही, हे आम्ही ठेचकाळून शिकलो. तरुणपणी बिडी वळणाऱ्या बायांच्या वतीने आम्ही एका मालकाकडे गेलो. त्यांची तक्रार होती चांगल्या बिड्या नापास करून फुकट ठेवून घेण्याबद्दल. आम्ही मात्र नुकतेच वाचलेले सारे अर्थशास्त्र मालकापुढे ओतले. बाहेर आल्यावर एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, आमी सांगतलं ते त तुमी बोललेच नाही!" त्या दिवशी आम्ही वक्ते होतो, संदेष्टे नव्हतो.

इ. स. पूर्व आठव्या शतकातला तकोवाचा आमोस हा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा. खोटा तराजू वापरणारे, जोड्याच्या मोलाने गरिबाला विकत घेणारे, यांच्याविरुद्ध तो बेथेलात बोलला. तिथल्या याजकाने त्याला हाकलले तेव्हा त्याने ठणकावले, की मी नाबी नव्हे, नाबीचा मुलगाही नव्हे. धंदेवाईकांत त्याला मोजून घ्यावयाचे नव्हते. देशावर संकट येईल असेही तो म्हणाला, नाही असे नाही. पण ते भाकीत अन्यायाच्या हिशेबातून निघालेले होते.

नव्या करारातला एक प्रसंग याहून बोलका आहे. येशूचे डोळे बांधून शिपाई त्याला मारतात आणि विचारतात, तुला कोणी मारले ते सांग. क्रियापद 'प्रोफेतेस'च्याच कुळातले, पण प्रश्न घडून गेलेल्या गोष्टीचा! कुलुस्सैकरांकडे वा इतरांकडे न वळता पौलाचे करिंथकरांस लिहिलेले पत्र पाहावे: अशा बोलण्याने माणसांची उभारणी व्हावी, त्यांना धीर आणि सांत्वन मिळावे, असे तो सांगतो.

मराठीत हा करार प्रथम आला १८११ साली, श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीच्या छापखान्यातून, तोही मोडी लिपीत. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत उतरविले. त्या १९२२ साली वारल्या, ग्रंथ १९२४ साली निघाला. 'प्रेषित' हा जवळचा शब्द मराठी बायबलाने 'अपोस्तोलोस', म्हणजे धाडलेला, यासाठी राखला; मराठी मुसलमान मात्र तोच मुहंमद पैगंबरांसाठी वापरतात.

अगबसाने मात्र खरोखरच भविष्य सांगितले होते. सर्वत्र मोठा दुष्काळ पडेल, असे तो अंत्युखियात म्हणाला, आणि क्लौद्य बादशहाच्या काळी तो पडला. ऐकणाऱ्यांनी प्रत्येकी ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली, आणि बर्णबा व शौल यांच्या हाती ती यहुदीयातल्या बांधवांकडे पाठविली.