रिकामी राहिलेली ओळ

एचटीएमएल५ हे प्रमाण डब्ल्यू३सीने २८ ऑक्टोबर २०१४ रोजी अंतिम म्हणून जाहीर केलं. त्यात 'व्हिडिओ' या टॅगबद्दल पानंच्या पानं मजकूर आहे. व्हिडिओ सुरू कसा करायचा, थांबवायचा कसा, सबटायटल्स कुठे जोडायची, सगळं आहे. फक्त प्रत्येक ब्राउझरला निदान कोणता एक फॉरमॅट आलाच पाहिजे, हे नाही. ही ओळ लिहायची राहून गेलेली नाही. ती लिहिली होती, आणि नंतर काढली गेली.

त्या आधी ब्राउझरला व्हिडिओ ही गोष्टच कळत नसे. पानात एक चौकोन असे आणि त्यात अडोबीचं फ्लॅश प्लगइन आपला कारभार चालवी. प्लगइन नसेल तर चौकोन रिकामा. फेब्रुवारी २००७मध्ये ऑपेरा या नॉर्वेतल्या ब्राउझर कंपनीने सुचवलं, की चित्रासाठी जसा टॅग आहे तसाच व्हिडिओसाठीही असावा. त्यामागे होते होकोन विउम ली, ज्यांनी पूर्वी सीएसएसची कल्पना मांडली होती. टॅगसोबत सगळ्यांना फुकट वापरता येईल असा एक सामाईक फॉरमॅटही हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रमाणाच्या मसुद्यात ऑग थिओराचं नाव आलं. ऑन२ नावाच्या कंपनीने आपला जुना व्हीपी३ कोडेक २००१मध्ये खुला केला होता, त्यावरून झिफ या संस्थेने थिओरा तयार केला होता.

डिसेंबर २००७मध्ये ते नाव मसुद्यातून गेलं. आक्षेप मुख्यतः नोकिया आणि ॲपलचे होते, आणि ते अगदीच पोकळ नव्हते. तेवढ्याच दर्जासाठी थिओराची फाइल मोठी होई. फोनमधल्या चिपा एच.२६४ या दुसऱ्या कोडेकसाठी बनत होत्या. शिवाय थिओरावर कुणाचं तरी दडलेलं पेटंट उद्या वर आलं, तर खटला भरला जाणार तो ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यावर.

एच.२६४ची पेटंटं अनेक कंपन्यांकडे विखुरलेली होती आणि त्यांचा एकत्रित परवाना एमपीईजी एलए ही संस्था विकत असे. त्या सुमारास एका कंपनीसाठी वार्षिक शुल्काची कमाल मर्यादा ५० लाख डॉलर होती. मोझिलाला ती रक्कम कदाचित परवडलीही असती. पण अडचण रकमेची नव्हती. फायरफॉक्सचा कोड कुणीही घ्यावा, बदलावा, आपल्या नावाने वाटावा, हे त्याच्या परवान्यातच आहे. मोझिलाने भरलेलं शुल्क मोझिलाच्या प्रतींपुरतं. तोच कोड घेऊन स्वतःचा ब्राउझर बांधणाऱ्या कॉलेजातल्या पोराला ते लागू नाही. म्हणजे कोड खुला, पण चालवायला परवानगी दुसऱ्याची. मोझिला 'नाही' म्हणत होती ते यासाठी.

३० जून २००९ला फायरफॉक्स ३.५ थिओरासह आला. सफारीत फक्त एच.२६४, क्रोममध्ये दोन्ही, इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये तेव्हा काहीच नाही. प्रमाणाचे संपादक इयान हिक्सन यांनी लिहून टाकलं, की सगळे मान्य करतील असा एकही कोडेक नाही. वेबसाइट बांधणारे एकच व्हिडिओ दोनदा ठेवू लागले.

मग गूगलने ऑन२ विकत घेतली आणि मे २०१०मध्ये व्हीपी८ खुला केला. थिओरापेक्षा तो बराच सरस होता. जानेवारी २०११मध्ये गूगलने क्रोममधून एच.२६४ काढून टाकण्याची घोषणा केली. ती कधीच अमलात आली नाही. तोवर लोक फोनवर व्हिडिओ बघू लागले होते, आणि तिथे चिपेने निकाल आधीच दिला होता. मार्च २०१२मध्ये मोझिलाने पराभव मान्य केला. फोनमध्येच एच.२६४ असेल तर फायरफॉक्स तो वापरेल, असं ठरलं. ऑक्टोबर २०१३मध्ये सिस्कोने तोडगा काढला. त्यांनी आपला एच.२६४चा कोड खुला केला आणि पेटंटचं शुल्कही स्वतः भरलं, पण सिस्कोने बांधून दिलेल्या बायनरीपुरतंच. तोच कोड तुम्ही घरी बांधलात की संरक्षण संपलं. त्या पोराची अडचण होती तिथेच राहिली.

गोष्ट इथेच संपली असती. पण २०१३मध्ये एच.२६४चा वारस, एचईव्हीसी, आला आणि त्याच्या पेटंटधारकांत एकी राहिली नाही. शुल्क मागणारे एकाहून जास्त गट उभे राहिले. २०१५मध्ये त्यांतल्या एकाने व्हिडिओ दाखवून होणाऱ्या उत्पन्नातला अर्धा टक्का मागितला. आता पोळलं ते नेटफ्लिक्स, ॲमेझॉनसारख्यांना. सप्टेंबर २०१५मध्ये या दोघांनी गूगल, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, सिस्को आणि मोझिला यांच्यासोबत आघाडी केली. गूगलचा व्हीपी१०, सिस्कोचा थॉर आणि मोझिला-झिफच्या लोकांनी चिकाटीने चालवलेला डाला, अशा तीन प्रयत्नांच्या मुशीतून मार्च २०१८मध्ये एव्ही१ बाहेर आला. तोवर ॲपलही आघाडीत आली होती.

तत्त्वाने जे साधलं नाही ते हिशेबाने साधलं, असं म्हणता येईल. पण तो हिशेब मांडायची वेळ आली तेव्हा पेटंटं चुकवून कोडेक लिहायची कला येणारी माणसं हाताशी होती. ती तयार झाली होती हरलेल्या वर्षांत. तरी निर्धास्त होण्यासारखं काही नाही. २०१९मध्ये सिस्वेल या कंपनीने एव्ही१वरही पेटंटशुल्काचा दावा सांगितला आहे.

ओळ अजून रिकामीच आहे, पण सगळ्यांनी ती सोडून दिलेली नाही. २०१४मध्ये विकिमीडियाच्या सदस्यांनी एमपी४ स्वीकारण्याचा प्रस्ताव चर्चेनंतर नाकारला. म्हणून जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजीचं फोनवर केलेलं एमपी४ चित्रण विकिमीडिया कॉमन्सवर चढवायचं, तर ते आधी वेबएममध्ये बदलावं लागतं. कटकट आहे खरी. पण त्या बदलामुळे ते चित्रण उघडायला, कापायला, पुन्हा जोडायला पुढच्या कुणालाही परवाना विकत घ्यावा लागणार नाही. ओव्याही आजवर अशाच चालत आल्या आहेत.