कराराच्या मागचा बारीक मजकूर

१/४ मे १९५५, अमेरिकेतील न्यू जर्सी. मदर्स डेनिमित्त पतीने पत्नीसाठी नवी प्लिमथ गाडी घेतली. दहाच दिवसांत, अवघ्या ४६८ मैलांवर, स्टीअरिंग अचानक फिरले; गाडी भिंतीवर आदळून पत्नी जखमी झाली.

२/४ वॉरंटी ९० दिवस किंवा ४,००० मैलांची. तीही केवळ सदोष भाग बदलून देण्यापुरती. उरलेली जबाबदारी कराराच्या मागील बारीक मजकुराने झटकली होती.

३/४ दुसरीकडे जाणेही व्यर्थ. बड्या कंपन्यांची वॉरंटी एकसारखीच होती.

४/४ १९६० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘हेनिंगसन विरुद्ध ब्लूमफिल्ड मोटर्स’ खटल्यात ही अट अवैध ठरवली. करारावर सही नसलेल्या पत्नीलाही न्याय मिळाला. पर्यायच नसलेल्या ग्राहकाची सही म्हणजे खरी संमती नव्हे, हे या निकालाचे मर्म.