धातू : शब्दांची मुळं कुणाच्या तोंडी होती?



स्मरणिकेसाठी धातूंवर लिहितो म्हणालो, तेव्हा मंडळाच्या पोरांना वाटलं की मूर्तीच्या पंचधातूंवर लेख येणार. तसं नव्हे. संस्कृत व्याकरणात क्रियापदाच्या मुळाला धातू म्हणतात. त्याला पुढं-मागं प्रत्यय, उपसर्ग लागून शब्द तयार होतात. पेळूपासून सूत आणि सुतापासून कापड, तसंच हे.

मी गिरणी कामगार. आमच्या शाळेत संस्कृत नव्हतंच. रविवारच्या बालवर्गात एका मुलीनं विचारलं, "काका, संघ हा शब्द आला कुठून?" भिक्खूंचा समुदाय, असं सांगून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात बसला. जुन्या बाजारातून कोश आणला आणि मानखुर्दहून पहिल्या पाळीला जाताना लोकलमध्ये उघडून बसू लागलो.

पाणिनीच्या परंपरेत 'धातुपाठ' नावाची यादी आहे. त्यात दहा गण आणि सुमारे दोन हजार धातू आहेत. आपले रोजचे शब्द त्यात सापडतात. बुद्ध हा 'बुध्' म्हणजे जागं होणं, जाणणं यावरून आला. धम्म 'धृ' म्हणजे धारण करणं, यावरून. आणि संघ? 'सम्' अधिक 'हन्'. हन् म्हणजे मारणं! मी चक्रावलोच. त्याकडे शेवटी येतो.

'समण' या शब्दाची गंमत वेगळी. त्याचं संस्कृत रूप श्रमण, धातू 'श्रम्', म्हणजे कष्ट घेणं. आपण श्रमिक म्हणतो तो याच घरातला. धम्मपदात मात्र पाप शमवतो तो समण, असा अर्थ लावलेला आहे, कारण पालीत श्रम् आणि शम् दोन्ही 'सम्' असेच ऐकू येतात. भाषाशास्त्र श्रमाच्या बाजूचं आहे. मलाही तेच आवडतं. पण आवडलं म्हणून खरं, असं मानायचं नसतं, हे पुढच्या मजकुरात दिसेल.

गिरणीतले शब्द घ्या. कातणं हे 'कृत्' धातूवरून आलं. धातुपाठात कृत् दोन ठिकाणी आहे : एकाचा अर्थ कापणं, दुसऱ्याचा गुंडाळणं, पीळ देणं. पहिल्यापासून कातर, दुसऱ्यापासून कातणं. दोन्ही आम्ही एकाच खात्यात वापरली! शिवणं 'सिव्' धातूवरून, आणि सूत्र हा शब्दही त्याच मुळाचा सांगतात. सूत्राचं पालीत सुत्त झालं आणि मराठीत सूत. भगवंतांचं सुत्त आणि साच्यावरचं सूत हे एकच शब्द आहेत.

आता इतिहासाचा मुद्दा. यादी म्हटली की कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे आलंच. इ.स.पू. दुसऱ्या शतकात पतंजलीनं महाभाष्यात, कात्यायनाच्या वार्तिकाला धरून सांगितलं की धातूंची यादी हवीच, नाहीतर आणपयति, वट्टति, वड्ढति यांनाही लोक धातू समजतील. हे बोली भाषेतले शब्द त्याला नको होते. पण त्याच्या आधी शंभर वर्षं सम्राट अशोकाच्या कर्नाटकातल्या ब्रह्मगिरी शिलालेखात 'आणपयति' कोरलेलं आहे, म्हणजे आज्ञा करतो. पंडितांच्या यादीबाहेरचा शब्द राजाच्या आज्ञेत होता. आपल्या जवळ सोपाऱ्यालाही १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तोही प्राकृतातलाच. आणि वड्ढति कुठं गेलं? आपली आई भाकरी वाढते, पोर वाढतं, भाडं वाढतं.

पुढं १८८५ मध्ये अमेरिकेच्या व्हिटनी यांनी धातूंचा ग्रंथ काढला. धातुपाठातले निम्म्याहून जास्त धातू त्यांना संस्कृत वाङ्मयात वापरलेले आढळेनात, म्हणून व्याकरणकारांनी ते नुसतेच रचले असावेत, असा संशय आला. १८९४ मध्ये त्याला उत्तर दिलं जर्मन पंडित ब्यूलर यांनी. त्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेलं होतं. त्यांचं म्हणणं असं की हरवलेल्या धातूंपैकी पुष्कळ पालीत, प्राकृतात आणि आजच्या बोलींत जिवंत आहेत. पोथीत नव्हते, पण लोकांच्या तोंडी होते! पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९५५ मध्ये ग. बा. पळसुले यांची सगळ्या धातुपाठांची तुलनात्मक सूची छापली. जाडजूड काम आहे, जिज्ञासूंनी पाहावं.

धातूंचा दुरुपयोगही झाला. ब्रह्मसूत्रात शूद्र हा शब्द 'शुच्' म्हणजे शोक करणं आणि 'द्रु' म्हणजे धावणं, अशा दोन धातूंतून जुळवला आहे. माणसाच्या माथी आधी नाव मारायचं आणि मग त्या नावातच त्याचं रडणं आहे असं व्याकरणानं सांगायचं! बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते' या इंग्रजी ग्रंथात ही व्युत्पत्ती तपासून फेटाळली. शूद्र हे एका जमातीचं विशेषनाम होतं, कुठल्या धातूवरून साधलेला शब्द नव्हे, असं त्यांनी मांडलं. हा ग्रंथ त्यांनी महात्मा फुल्यांना अर्पण केला आहे.

हे मांडणारा माणूस कोण, तर ज्याला एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घेऊ दिलं नाही आणि फारसी घ्यावी लागली तो. बाबासाहेबांनी हट्ट सोडला नाही. १९२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव घातलं, त्या अर्जातही संस्कृत विषय होता. तिथं फार राहता आलं नाही. पुढं स्वतःच्या हिमतीवर ती भाषा आत्मसात केली. त्यांनी तयार केलेलं पाली व्याकरण आणि पालीचा इंग्रजी, मराठी, हिंदी, गुजराती अर्थांसह कोश महाराष्ट्र शासनानं १९९८ मध्ये सोळाव्या खंडात छापला.

आता त्या मुलीचा प्रश्न. दोन रविवारांनी मी तिला सांगितलं, संघ हन् वरून आला. ती लगेच म्हणाली, "मारण्याचा धातू बुद्धांच्या संघाला कसा?" मग मी लोहाराच्या घणाची आठवण दिली. घण हा शब्दही हन् वरूनच. ठोकून ठोकून लोखंड दाट होतं त्याला घन म्हणतात, तेही त्याच धातूचं. सम् म्हणजे एकत्र. ठोकून एकजीव झालेलं ते संघ. तिचे वडील गॅरेजमध्ये पत्रा ठोकायचं काम करतात. तिला लगेच समजलं.