बीव्हर: बदलती अक्षरे, कायमचा क्रमांक

डी हॅविलँड कॅनडा कंपनीचे डीएचसी-२ बीव्हर हे विमान 16 ऑगस्ट 1947 रोजी टोरांटोजवळच्या डाउन्सव्ह्यू येथे पहिल्यांदा उडाले. कॅनडाच्या उत्तर भागात रस्ते फारसे नाहीत, धावपट्ट्याही फारशा नाहीत. तळी मात्र अगणित आहेत. अशा मुलखात टपाल, इंधनाची पिंपे, खाणकामगार आणि आजारी माणसे वाहून नेणाऱ्या विमानांना ‘बुश प्लेन’ म्हणतात. आराखडा करण्यापूर्वी कंपनीने या भागातल्या वैमानिकांनाच त्यांची गरज विचारली होती. त्यांना वेग नको होता, ताकद हवी होती. म्हणून 450 अश्वशक्तीचे इंजिन, पिंप आत ढकलता येईल एवढे रुंद दार आणि पूर्ण धातूचा सांगाडा असे हे विमान झाले. चाके, स्की किंवा तरंडे यांपैकी काहीही त्याला बसवता येते. उडत असतानाही वैमानिकाला जागेवरून इंजिनात तेल घालता येते, यावरून ग्राहकांचे किती बारकाईने ऐकले गेले होते ते कळते.

पहिल्या बीव्हरचे नोंदणी चिन्ह होते सीएफ-एफएचबी. ‘सीएफ’ हे कॅनडाचे. पुढची तीन अक्षरे फ्रेड एच. बुलर या अभियंत्याच्या नावाची. 1974 मध्ये कॅनडाने आडव्या रेघेची जागा बदलली आणि नवी चिन्हे ‘सी-एफ’ किंवा ‘सी-जी’ अशी सुरू होऊ लागली. हे पहिले विमान आज सू सेंट मारी येथील संग्रहालयात आहे. 1967 पर्यंत 1,657 बीव्हर तयार झाली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक अमेरिकी सैन्याने घेतली. सैन्यातून निवृत्त झालेली विमाने पुढे जगभर विकली गेली.

विमान दुसऱ्या देशात विकले की जुनी नोंदणी रद्द होते आणि नवी अक्षरे रंगवली जातात. कारखान्यातला अनुक्रमांक मात्र पाटीवर कायम राहतो. बीव्हरच्या बाबतीत या पाटीला फार महत्त्व आहे. मोडलेल्या विमानाचे पंख, शेपूट, इंजिन बदलून तेच विमान पुन्हा उभे करण्याची या व्यवसायात जुनी रीत आहे. त्यामुळे शेपटीवरच्या अक्षरांवरून विमानाचे पूर्वायुष्य कळेलच असे नाही.

ऑस्ट्रेलियातील व्हीएच-एनओओ हे याचे ठळक उदाहरण. 1963 साली बनलेले, 1535 अनुक्रमांकाचे हे विमान पूर्वी व्हीएच-आयडीआय या चिन्हाने न्यू साउथ वेल्समध्ये शेतीच्या कामावर होते. 1996 मध्ये ते कोसळले आणि वैमानिक ठार झाला. दुरुस्तीनंतर ते सिडनीत पर्यटकांना नेऊ लागले. 31 डिसेंबर 2017 रोजी हॉक्सबरी नदीच्या परिसरात जेरुसलेम बे येथे ते पाण्यात कोसळून सहाही जण मृत्युमुखी पडले. जुन्या अपघाताकडे बोट दाखवणे सोपे होते. तपासात निघाले ते वेगळेच. इंजिनाच्या एक्झॉस्टच्या कड्याला तडे गेले होते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या फायरवॉलवरील झाकणांचे काही बोल्ट गायब होते. त्या फटींतून कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरला. वैमानिकाच्या रक्तातील या वायूचे प्रमाण अपघातानंतर दोन वर्षे उलटल्यावरच तपासले गेले. केबिनमध्ये रंग बदलून वायूची सूचना देणारी पट्टी होती, पण वैमानिकाचे लक्ष वेधून घेण्याची सोय तिच्यात नव्हती.

कॅनडातील अपघातांनी दुसऱ्या उणिवा दाखवल्या. नोव्हेंबर 2009 मध्ये सॅटर्ना बेटाजवळ बीव्हर पाण्यात पडले. आठांपैकी सहा जण आत अडकून बुडाले. त्यानंतर आपत्काळात चटकन बाहेर पडता येईल अशी दारे-खिडक्या आणि अंगावर घातलेली तरंगण्याची जॅकेटे यांच्या शिफारशी झाल्या. ऑगस्ट 2015 मध्ये क्वेबेकमध्ये पर्यटकांना घेऊन गेलेले बीव्हर कमी उंचीवर तीव्र वळण घेताना स्टॉल झाले, म्हणजे पंखांची उचल अचानक तुटली. सहाही जण गेले. 1948 च्या प्रमाणपत्राच्या वेळी स्टॉलची इशारायंत्रणा सक्तीची नव्हती आणि या विमानात ती नव्हती. व्यावसायिक वापरातल्या सर्व बीव्हरवर ती बसवावी, अशी शिफारस कॅनडाच्या तपास मंडळाने 2017 मध्ये केली. जेरुसलेम बेच्या अपघाताचा अंतिम अहवाल जानेवारी 2021 मध्ये आला. पिस्टन इंजिनाच्या प्रवासी विमानांत आवाज किंवा दिव्याने सावध करणारे कार्बन मोनॉक्साइड शोधक सक्तीचे करण्याचा विचार व्हावा, असे त्यात सुचवले आहे.