चार कलमांचा कायदा


नव्या साथीची बातमी आली की आमच्या नांदूरघाटात पहिला प्रश्न ठरलेला: सरकारी दवाखान्यात सोय आहे का, की अंबाजोगाई गाठायची? हा घोर जुनाच आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची गोदामे, आपल्या कच्छी जैन व्यापाऱ्यांची वस्ती. धान्यावर उंदीर, उंदरांवर पिसवा. पण पिसवांचे कारण तेव्हा सरकारला कुठे ठाऊक होते? गटारे धुतली गेली. लोक गाठोडी बांधून गावोगाव निघाले, आजारही सोबत गेला.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाचे गोरे सोल्जर घरे तपासू लागले. बूट घालून थेट स्वयंपाकघरात, देवघरात! बायकांचीही तपासणी. मग घरोघरी आजारी माणूस लपवला जाऊ लागला. आपणही तेच केले असते, खरे सांगा. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली.

त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात नेत होत्या. १० मार्च १८९७ ला त्या स्वतःच प्लेगने गेल्या.

मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी हाच कायदा पुन्हा काढला. मूळ कलमे अवघी चार. मी कॉमर्सवाली, जमा-खर्च बघणारी. त्यात सरकारचे अधिकार आहेत, मोडणाऱ्याला शिक्षा आहे. खाटा किती, डॉक्टर किती, औषध कुठून, याचा एक शब्द नाही.