काचेतल्या लाटेची कुळकथा

प्रवाळ एकदा खडकाला बिलगलं की आयुष्यभर तिथेच राहतं. अन्न, प्राणवायू, सांगाड्यासाठी लागणारं कॅल्शियम हे सारं पाण्यानेच त्याच्यापर्यंत आणायचं आणि त्याने टाकलेला मळ पाण्यानेच वाहून न्यायचा. प्रवाळाच्या अंगालगत मात्र जवळजवळ स्थिर पाण्याचा एक पातळ थर असतो आणि सगळी देवघेव त्याच थरातून होते. बाहेरचं पाणी जितकं जोरात हलेल तितका हा थर आणखी पातळ होतो. अ‍ॅटकिन्सन आणि बिल्जर या संशोधकांनी हवाईतल्या प्रवाळांवर केलेल्या मोजणीत, पाण्याचा वेग वाढला की फॉस्फेटचं शोषणही वाढतं, असं १९९२ मध्ये दिसलं. टँकमध्ये प्रवाळ जगवू पाहणाऱ्यांना याची जाणीव त्याआधीच झाली होती. लाट तयार करणाऱ्या यंत्रांची कुळकथा या गरजेतून सुरू होते.

जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्राचं पाणी, जिवंत खडक (सूक्ष्मजीव वसलेले समुद्रातले दगड) आणि नळीतून सोडलेले हवेचे बुडबुडे, एवढाच त्यांचा सरंजाम. वर चढणारे बुडबुडे पाण्याला सोबत उचलत आणि टँकमध्ये संथ अभिसरण सुरू राही. पुढे पाण्यात बुडवायचे छोटे पंप आले. त्यांचा झोत जोरदार होता, पण अरुंद आणि एकाच दिशेचा. समोरच्या प्रवाळाची कातडी त्या माऱ्याने सोलून निघे आणि पाठीमागे गाळ साचे. समुद्रातल्या प्रवाळभित्तीवर असं होत नाही, कारण तिथे आलेली लाट परतते. पाण्याची दिशा कशी पालटायची, हा आता खरा प्रश्न होता.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांनी तो कलत्या बादलीने सोडवला. पाणी भरत गेलं की बादलीचा तोल जाई, ती एकदम उलटे आणि रिकामी झाली की पुन्हा जागेवर येई. होनोलुलूच्या वायकिकी अ‍ॅक्वेरियमचे ब्रूस कार्लसन यांनी हलणारी बादलीही काढून टाकली. टँकच्या वर ठेवलेल्या पिंपात एक लहान पंप सावकाश पाणी चढवतो. पिंपातली उलट्या वाकाची जाड नळी पाण्याखाली पूर्ण बुडाली की सायफन सुरू होतो आणि सगळं पाणी काही क्षणांत टँकमध्ये कोसळतं. तळाशी हवा शिरली की सायफन तुटतो आणि पिंप पुन्हा भरू लागतं. आपल्याकडच्या वसुदेव प्याल्यातही हेच घडतं. पाणी पेल्यातल्या बाळकृष्णाच्या पावलांना लागतं आणि पेला तळातून रिता होतो. कार्लसन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना कुणीही घरी करू शके. मात्र तिला टँकच्या वर जागा लागे, आवाज होई आणि खारे शिंतोडे उडत.

जर्मनीतल्या पेन्त्सबर्गच्या टुंझे कंपनीने वेगळी वाट धरली. कोणत्याही टँकमधलं पाणी एका ठरावीक लयीत हिंदकळतं आणि ती लय टँकची लांबी व पाण्याची खोली यांवर ठरते. स्वित्झर्लंडच्या फ्रान्स्वा फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकात जिनीव्हा सरोवराचं असंच हिंदकळणं अभ्यासलं होतं. तिथे एका हेलकाव्याला सुमारे ७३ मिनिटं लागतात. चार फुटी टँकमध्ये एक ते दीड सेकंद पुरतो. टुंझेच्या वेव्हबॉक्स नावाच्या यंत्रातला पंप नेमक्या त्या लयीत चालू-बंद होतो. दरवेळी थोडीशीच ताकद मिळते, पण ती साठत जाते आणि लहानशा पंपावर अख्खा टँक डोलू लागतो. दोन्ही टोकांना पाणी वर-खाली होतं, तर मधोमध ते जोराने आडवं ये-जा करतं.

त्याच सुमारास अरुंद झोताऐवजी रुंद, मऊ प्रवाह देणारे पंखेवजा पंप आले. अमेरिकेतल्या इकोटेक मरीनने तर मोटर काचेबाहेर ठेवली आणि आतला पंखा चुंबकाने फिरवला. मोटरची उष्णता त्यामुळे बरीचशी पाण्याबाहेरच राहिली. नियंत्रकावर आता वेग, विराम आणि अनियमितपणाही ठरवता येतो.

ही सारी खटपट काचेपुरती नाही. नाकामुरा आणि व्हॅन वोसिक या संशोधकांनी ओकिनावातल्या प्रवाळांना गरम पाण्यात ठेवून पाहिलं, तेव्हा जोरदार प्रवाहातली प्रवाळं तगली आणि संथ पाण्यातली पांढरी पडून मेली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामागचं कारण तेच. अंगालगतचा थर पातळ झाला की उष्णतेच्या ताणातून पेशींमध्ये साचणारी घातक द्रव्यं वाहून जातात. समुद्र तापत असताना कोणत्या प्रवाळभित्ती आधी राखायच्या, हे ठरवणाऱ्यांनी तापमानासोबत तिथला प्रवाहही मोजला पाहिजे. जिथे पाणी खेळतं राहतं, तिथे प्रवाळाला तग धरायला जास्त वाव आहे.